रात्री अर्धी भाकरी, सकाळी साखर १७०: ही साखर येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका मुलाने आईबद्दल विचारलंय. आईंचं वय ५८, वजन ५४ किलो, घरी बसून बिड्या वळतात. मधुमेहाला नऊ वर्षं झाली, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे. उपाशीपोटीची साखर आजवर १२०-१२५ असायची, ती गेल्या दोन महिन्यांत १६५ ते १७५ येतेय. रात्री आठला अर्धी ज्वारीची भाकरी आणि आमटी. झोपताना मोजली तर १४०. म्हणजे पोटात काही न जाता रात्रीतून तीसेक अंकांनी चढते. भाकरी अर्धीची पाव केली, तरी आकडा हलला नाही. रक्ततपासणीत सीआरपी (अंगातल्या सुजेचा अंदाज देणारं प्रथिन) १४ आला. कुणी सांगितलं लिव्हर खराब झालं, कुणी सांगितलं अंगात सूज आहे, सुजेची गोळी चालू करा. आणि शेवटी दबकत विचारलंय: आई रात्री चोरून काही खाते का?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. तुमच्या आई चोरून खात असतील असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला अजिबात वाटत नाही. सोलापुरात पंचवीस वर्षं मधुमेहाचे पेशंट पाहतेय. या एका संशयावरून घराघरांत जेवढी भांडणं होतात तेवढी मधुमेहाच्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवरून होत नाहीत. सुना डबे मोजतात, मुलं फ्रिजला कुलूप लावतात, आणि ती बाई बिचारी खरंच उपाशी झोपलेली असते.

सकाळची साखर रात्रीच्या ताटातून येत नाही. ती यकृतातून येते. पंढरपुरात पावसाचा थेंब नसतानाही चंद्रभागेला पाणी चढलेलं आपण दर वर्षी बघतो, कारण वर उजनी धरणातून विसर्ग वाढवलेला असतो. रात्री यकृताचं काम उजनीसारखंच असतं. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, तासाला साधारण पाच ग्रॅम. ती पुरवायला यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. उपाशीपोटी हा वेग किलोमागे मिनिटाला साधारण दोन मिलिग्रॅम असतो. आईंच्या ५४ किलोंचा हिशेब केला तर तासाला साडेसहा ग्रॅम, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत पन्नास ग्रॅमच्या वर. म्हणजे दहा-अकरा चमचे साखर, तोंडात कण न टाकता. हे निरोगी माणसातही घडतं. ढोबळमानाने त्यातली निम्मी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून येते आणि निम्मी यकृत नव्याने तयार करतं, लॅक्टेटपासून, स्नायूंतून आलेल्या अमिनो आम्लांपासून आणि चरबीतून सुटलेल्या ग्लिसरॉलपासून.

आता वाढीचा हिशेब बघा, कारण मला सगळ्यांत महत्त्वाचा तोच वाटतो. साखर फक्त रक्तात नसते, पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात पसरते. आईंच्या शरीरात हा द्रव अंदाजे अकरा लिटर धरू. तीस अंक चढले म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. अकरा लिटरला झाले साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. एक चमचाही भरत नाही! पन्नास ग्रॅमच्या उलाढालीत एवढी छोटी चूक झाली की सकाळचा आकडा १४० वरून १७० होतो. त्यामुळे भाकरी पाव करून यात काय फरक पडणार? गडबड विसर्गाच्या नियंत्रणात आहे, आणि ते नियंत्रण इन्सुलिनच्या हातात असतं.

इन्सुलिन हे काम दोन वाटांनी करतं. पहिली वाट थेट आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन शरीरभर जाण्याआधी पोर्टल शिरेतून यकृतात येतं, आणि जवळजवळ निम्मं तिथेच खर्ची पडतं. यकृताच्या पेशीवरच्या रिसेप्टरला ते चिकटलं की आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो. हा निरोप पहिल्यांदा हातात घेणाऱ्या प्रथिनाला आयआरएस म्हणतात. निरोप शेवटपर्यंत पोचला की फॉक्सओ-१ नावाचं प्रथिन पेशीकेंद्रकाबाहेर काढलं जातं. साखर तयार करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं हेच चालू ठेवत असतं. ते बाहेर गेलं की उत्पादन उतरतं.

दुसरी वाट चरबीतून जाते, आणि पेशंटला ही कधी कुणी सांगत नाही. इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं, तुमचा साठा सोडू नका. तो निरोप कमी पडला की चरबी वितळते, फॅटी ॲसिड आणि ग्लिसरॉल यकृतात येऊन पडतात. ग्लिसरॉलपासून सरळ साखर बनते. फॅटी ॲसिडपासून ॲसिटिल-कोए तयार होतं, आणि ते साखर बनवण्याच्या साखळीतलं एक महत्त्वाचं एन्झाइम जोरात चालवतं. म्हणजे यकृताला कच्चा माल मिळतो आणि काम वाढवायचा हुकूमही मिळतो.

सूज म्हणजे इथे डोळ्यांना दिसणारी नाही, अंगातल्या अंगात चालणारा दाह. ती आणणारी प्रथिनं या दोन्ही वाटांवर आडवी येतात. टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली मुख्य दोन नावं. शरीरात कुठे जंतुसंसर्ग असेल, जखम चिघळत असेल किंवा पोटातल्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी जमल्या असतील, तर ही प्रथिनं रक्तात वाढतात. १९९३ मध्ये हॉटामिस्लिगिल आणि स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेलं दाखवलं, आणि ते अडवल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुधारतो हेही दाखवलं. पुढे कळलं की टीएनएफमुळे पेशीतली काही एन्झाइमं जागी होतात आणि आयआरएसवर नको त्या जागी फॉस्फेट चिकटवतात. मग इन्सुलिन दारात येऊनही आत निरोप जात नाही. इंटरल्यूकिन-६ यकृतात सॉक्स-३ नावाचं प्रथिन वाढवतं, तेही हाच निरोप अडवतं. आणि चरबीची वाट? येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की चरबीतल्या सुजेतून येणारं इंटरल्यूकिन-६ चरबी वितळवतं, यकृतात ॲसिटिल-कोए वाढतं, आणि इन्सुलिनला साखरेचं उत्पादन आवरता येत नाही.

शरीर असं का वागतं? खरं तर ही सोय आहे. ताप आला, जखम झाली की लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ग्लुकोज भरपूर लागतं आणि माणूस जेवत नसतो. चार दिवस यकृताने हात सैल सोडला तर जीव वाचतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. नऊ वर्षं मधुमेह असलेल्या बाईकडे तेवढं इन्सुलिन शिल्लक नसतं, आणि सूज चार दिवसांऐवजी दोन महिने टिकते. मग आकडा चढतो आणि चढलेलाच राहतो.

आता आईंचा सीआरपी. हे प्रथिन यकृतच तयार करतं, आणि मुख्यतः इंटरल्यूकिन-६ ने सांगितल्यावर. म्हणून मी पेशंटना सांगते, सीआरपी ही पोचपावती आहे: सुजेचा निरोप यकृतापर्यंत गेला, याची. गुन्हेगार तो नाही, आणि त्यावरून सूज कुठे आहे हेही कळत नाही. १४ हा आकडा फार मोठा नाही. न्यूमोनियात तो शंभर-दोनशे होतो. पण १० च्या वर आहे, म्हणजे कुठेतरी काहीतरी चालू आहे का हे शोधलं पाहिजे. आदल्या आठवड्यात सर्दी-ताप झाला असेल तर एवढा सहज येतो आणि जातोही, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका.

इथे एक कबुली द्यायलाच हवी. टीएनएफ अडवणारी औषधं मधुमेहाच्या लठ्ठ पेशंटना देऊन पाहिली गेली आहेत, आणि साखर सुधारली नाही. उंदरात जे लख्ख दिसतं ते माणसात एका प्रथिनावर अडलेलं नसतं. शिवाय व्यायाम करताना स्नायूंतूनही इंटरल्यूकिन-६ सुटतं, आणि तिथे ते अपाय करत नाही. त्यामुळे ‘सूज हेच कारण’ असं मी डोळे मिटून म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं स्थिर असलेली उपाशीपोटीची साखर, खाणं तेच, गोळ्या त्याच, आणि दोन महिन्यांत चाळीस-पन्नासने वर, सोबत सीआरपी वाढलेला: एवढं जुळून आलं की मी गोळ्या वाढवायच्या आधी पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत तपासते.

हे मी एका पेशंटकडून शिकले. साठीच्या आसपासची बाई, बिड्या वळणारीच. उपाशीपोटीची साखर १८० च्या खाली येईना. मी दोन खेपेला गोळ्या वाढवल्या. तिसऱ्या खेपेला ती काहीतरी बोलताना हसली आणि हसताना पदर तोंडावर धरला. मागच्या दोन्ही वेळा तिने हेच केलं होतं, पण माझं लक्ष गेलं नव्हतं. मी म्हटलं, आक्का, तोंड उघडा बरं. हिरड्यांच्या कडेने मिश्रीची काळी रेघ, दात हलणारे, आणि खाली डावीकडे हातमोज्यातलं बोट हिरडीवर नुसतं टेकवलं तर दाताच्या मुळाशी पू वर आला. दुखत होतं का? म्हणाली, दोन वर्षं झाली, आता सवय झाली. दंतवैद्यांनी दोन दात काढले, बाकीच्या हिरड्या खोलवर साफ केल्या. दीड महिन्याने साखर १२८ आली. गोळ्या मी वाढवलेल्याच होत्या, त्यामुळे सगळं श्रेय दातांना देत नाही. पण त्या वाढवलेल्या गोळ्यांनी जो आकडा हलत नव्हता तो नंतर हलला. तिचे ते तीन महिने माझ्यामुळे वाया गेले, आणि तेव्हापासून मी प्रत्येक मधुमेही पेशंटचं तोंड उघडून बघते. हिरड्यांच्या आजारावर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतं, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. एखादी गोळी वाढवून मिळणाऱ्या फायद्याच्या हे जवळ जातं.

तेव्हा पहिलं तोंड. आई मिश्री लावतात का, घास एकाच बाजूने चावतात का, कडक भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय खाता येते का, हे बघा. पूर्वी शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी मोडून खाणारी बाई अलीकडे सगळं कुस्करून खायला लागली असेल तर दंतवैद्याकडे न्या.

मग पाय. चप्पल काढून, उजेडात, तळवे आणि बोटांच्या बेचक्या. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, काटा मोडून आत राहिला तरी दुखत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, आणि त्यांतून जंतू शिरतात.

मग लघवी. जळजळ, सारखं जावं लागणं, आणि जांघेत किंवा जागेवर खाज. हे आई मुलाला सांगणार नाहीत. पत्नीला किंवा बहिणीला विचारायला सांगा, आणि तरीही लघवीची तपासणी करून घ्याच, कारण वयस्क बायकांत कधी कधी लक्षणंच नसतात.

आणि छाती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, भूक मेलेली, वजन उतरतंय, यांतलं काहीही असेल तर क्षयाची तपासणी लांबवू नका. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो, आणि बंद खोलीत तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बाईचा खोकला घरातले ‘तंबाखूचाच’ म्हणून सोडून देतात.

सांधेदुखीचंही विचारा. बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन दहा-दहा तास वाकून बसल्यावर कंबर-गुडघे दुखणारच. गेल्या दोन महिन्यांत कुठे गुडघ्यात इंजेक्शन घेतलं का? कुणी पुडीतली भुकटी दिली का? घेतल्या दिवशीच दुखणं जादूसारखं थांबवणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइडने साखर चढतेच, अगदी सूज नसली तरी.

तुम्ही लिहिलंय, ‘आई बारीक आहे, चरबीचा प्रश्नच नाही.’ इथे जरा थांबा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृतात, हे सर्रास दिसतं. ५४ किलोंच्या बाईला फॅटी लिव्हर असू शकतं. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्यायला सांगा. ‘लिव्हर खराब’ हे शब्द मात्र आईंसमोर वापरू नका. लिव्हर त्याचं काम करतंय, जरा जास्तच करतंय.

सुजेच्या गोळीबद्दल. ही कल्पना जुनी आहे. १८७६ मध्ये जर्मनीत एब्श्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेटने मधुमेह्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचं नोंदवलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांनी तो धागा पुन्हा उचलला गेला, सॅल्सलेट नावाच्या औषधाची वर्षभराच्या आसपास चाललेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि एचबीए१सी ०.३७ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे सिद्धांतात दम आहे. पण त्याच पेशंटांत वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, लघवीतून प्रथिन जाण्याचं प्रमाणही वाढलं. त्यामुळे मधुमेहाचं औषध म्हणून ते रुजलं नाही. आणि तुम्हाला मेडिकलमधून जी सुजेची गोळी मिळेल ती बहुधा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असेल. नऊ वर्षं मधुमेह असलेल्या किडनीला ती रोज द्यायची नाही. लपलेला संसर्ग असेल तर तिने दुखणं झाकलं जाईल आणि आपण आणखी दोन महिने मागे पडू.

मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृताच्या साखर उत्पादनावरच असतो, त्यामुळे तुमचे डॉक्टर कदाचित तोच डोस वाढवतील. योग्यच आहे, पण आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून. तुम्ही स्वतःहून वाढवू नका. ताप, उलट्या, जुलाब चालू असताना मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावं लागतं, तेही विचारून ठेवा.

आईंची भाकरी त्यांना परत द्या. अर्धी भाकरी, सोबत आमटी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. रात्री उपाशी ठेवलं म्हणून यकृत साखर सोडायचं थांबत नाही. जेवणानंतर गल्लीत पंधरा-वीस मिनिटं चालायला न्या. त्याने स्नायू साखर उचलतात, आणि दिवसभर वाकलेली पाठही सरळ होते.

आता डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा. सलग तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजून वहीत लिहा. तीनला १४० आणि सहाला १७० असेल तर पहाटेच्या कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनचा वाटा मोठा आहे, तो बऱ्याच मधुमेहींत असतोच, आणि त्यात घाबरण्यासारखं कमी आहे. रात्रभर हळूहळू चढत असेल तर मी वर लिहिलेल्या शोधाला जास्त वजन द्या. पहाटे ७० च्या खाली दिसली तर प्रकरण वेगळं, आईंना दुसरी कुठली गोळी चालू आहे का ते आधी तपासा. वही, जुने रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, पुड्यांसकट, सोबत न्या. एचबीए१सी बरोबर हिमोग्लोबिनही करा. रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवतं.

तोंड, पाय, लघवी यांत काही सापडलं तर त्यावर उपचार झाल्यावर, नाही सापडलं तरी तीन आठवड्यांनी, सीआरपी पुन्हा करा. उतरला आणि साखरही उतरली तर कारण मिळालं. सीआरपी तिथेच राहिला किंवा वाढला, तर खोकला असो वा नसो, छातीचा एक्स-रे काढा. आणि मधल्या काळात ताप येऊन साखर ३०० च्या वर गेली, श्वास जोरात चालू लागला, गुंगी आली किंवा पायावर काळा डाग दिसला, तर माझ्या किंवा कुणाच्याही उत्तराची वाट बघू नका, त्याच रात्री आईंना दवाखान्यात घेऊन जा.